शिकवणीचा पैसा कोणाच्या हातून?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२० च्या मार्चमध्ये देशभर शाळांना कुलुपे लागली. परंतु शाळा बंद झाल्या म्हणून सर्वांचेच शिक्षण थांबले असे झाले नाही. ज्या घरी शिकलेली आई होती, बसायला वेगळी खोली होती आणि मोबाइलचा खर्च पेलण्याची ऐपत होती, तेथे ते चालूच राहिले. थांबले ते शेतमजुराच्या, ऊसतोड कामगाराच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाचे. खाजगी शिकवणी ही ऐपतदारांची दुसरी शाळा आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे. म्हणूनच शाळा उघडल्यावर मागे पडलेल्या मुलांना सरकारी खर्चाने शिकवणी द्यावी हा विचार पुढे आला, तो तत्त्वतः आपलाच विचार होता. तथापि पैसा सरकारी आहे एवढ्याने कोणतीही योजना समाजवादी ठरत नाही. तो कोणाच्या हातून मुलापर्यंत पोहोचतो आणि त्या हातांना काय मिळते, हे विचारल्यावाचून आपण टाळ्या वाजवू नयेत. यासाठी दोन प्रयोग आपल्यापुढे ठेवतो. एक इंग्लंडमधला, दुसरा तामिळनाडूतला.

इंग्लंडच्या हुजूर पक्षाच्या सरकारने जून २०२० मध्ये शाळांसाठी शंभर कोटी पौंड जाहीर केले. त्यांतले पस्तीस कोटी राष्ट्रीय शिकवणी योजनेसाठी होते. नुकसान भरून काढण्याची आखणी करण्यासाठी सर केव्हन कॉलिन्स यांची नेमणूक झाली. त्यांनी सुमारे दीड हजार कोटी पौंडांची गरज सांगितली. सरकारने १४० कोटी देऊ केले. आणि कॉलिन्स यांनी जून २०२१ मध्ये राजीनामा दिला. भांडवली सरकारचा स्वतःचाच माणूस रकमेच्या प्रश्नावर बाहेर पडतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. योजनेच्या दुसऱ्या वर्षी तिचा कारभार रँडस्टॅड या डच कंपनीकडे सोपविण्यात आला. माणसे पुरविणे हा या कंपनीचा धंदा. लाभार्थी मुलांपैकी ६५ टक्के गरीब घरांतील असावीत अशी अट कंत्राटात होती. मुलांची संख्या गाठता येईना, तेव्हा ती अटच काढून टाकण्यात आली! ज्यांच्यासाठी योजना, तेच तिच्यातून वगळले तरी चालेल असा याचा अर्थ. शाळांना मात्र थेट पैसे दिले गेले तेथे काम झाले. त्या वर्षीच्या बहुतांश शिकवण्या शाळांनीच घडवून आणल्या. मार्च २०२२ मध्ये कंपनीचे कंत्राट पुढे न चालविण्याचे ठरले आणि पैसा शाळांकडे वळला. परंतु तोवर अनुदानाला उतरती कळा लागली होती. पहिल्या वर्षी खर्चाचा ७५ टक्के भार सरकार उचलत होते, तो शेवटच्या वर्षी ५० टक्क्यांवर आला. उरलेले पैसे शाळेने आपल्या खर्चातून काढायचे. म्हणजे गरीब वस्तीतील शाळेनेच हात आखडता घ्यायचा. २०२४ च्या उन्हाळ्यात योजना संपली.

तामिळनाडूचा मार्ग निराळा होता. तेथे शाळा जवळजवळ दीड वर्ष बंद होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य सरकारने विल्लुपुरम जिल्ह्यात ‘इल्लम तेडी कल्वी’ म्हणजे ‘घराच्या शोधात आलेले शिक्षण’ ही योजना सुरू केली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, शाळा सुटल्यावर, संध्याकाळी एक-दीड तास. जागा वस्तीतलीच, आणि शिकविणारी व्यक्तीही वस्तीतलीच. सुमारे दोन लाख स्वयंसेवक उभे राहिले, त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. बारावी झालेली, पुढे नोकरी नसलेली, घरात अडकलेली ती तरुण स्त्री आपल्या डोळ्यांपुढे आणा. मूल आले नाही तर ते कोणाच्या घरी, कोणत्या कामाला जुंपले गेले आहे, हे तिला ठाऊक असते. कंपनीच्या नोंदवहीत हे ज्ञान नसते.

या राज्यातील सुमारे १९,००० मुलांची पाहणी अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंह, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी केली. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत जवळजवळ दोनतृतीयांश तूट भरून निघाली आणि त्या भरपाईत संध्याकाळच्या वर्गांचा वाटा सुमारे एकचतुर्थांश होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उरलेली भरपाई मुख्यतः उघडलेल्या शाळेने केली, हेही यातूनच दिसते. शिकवणी शाळेला जोड आहे, पर्याय नव्हे.

मग आक्षेप कशाला? मानधनासाठी. या ताईला महिन्याला एक हजार रुपये मिळत. महिन्याचे पंचवीस दिवस आणि रोजचा दीड तास धरला, तर तासाला सुमारे सत्तावीस रुपये होतात. आपल्यातील काही मित्र म्हणतील की ही सेवा आहे, तिचा हिशेब कसला? सेवेचा हिशेब विचारू नये, हा उपदेश नेहमी बायकांनाच का केला जातो, याचे उत्तर त्यांनी आधी द्यावे. शिवाय धोका वेगळाच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही स्वयंसेवकांना स्थान आहे. हजार रुपयांत वर्ग चालतो असे एकदा दिसले की रिकाम्या शिक्षकपदांची भरती लांबणीवर टाकायला कोणत्याही अर्थखात्याला निमित्त मिळते. मग मुलांसाठी उभी केलेली योजना शिक्षकाच्याच नोकरीवर उठते, आणि शिक्षक संघटना व वस्तीतली ताई एकमेकींसमोर उभ्या राहतात. ही फूट आपण पडू देता कामा नये.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात रयतेच्या पैशाने वरच्या वर्गाचे शिक्षण चालते, याकडे बोट दाखविले होते. तेवढेच आपण सांगत राहतो. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांचा पगार वाढावा, हेही त्याच निवेदनात आहे. दोन्ही गोष्टी एका श्वासात मागितलेल्या आहेत. तामिळनाडूत पहिली बऱ्याच अंशी साधली, दुसरी राहिली.

मानधन हा शब्द आपल्या अंगणवाडी आणि आशा भगिनींच्या चांगलाच परिचयाचा आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असा निर्णय दिला. त्यांना मिळते ते मानधन आहे, वेतन नव्हे, हा बचाव तेथे टिकला नाही. हा निर्णय आपल्या हाती आहे. उद्या आपल्या तालुक्यात शिकवणीच्या ताईला ‘स्वयंसेविका’ म्हणणारा शासननिर्णय आला, तर त्याचे स्वागत जरूर करा. पण मानधनाच्या कलमावरची पहिली हरकत आपल्या शाखेने नोंदवावी, आणि ती त्या भगिनींना व गावातल्या शिक्षकांना बरोबर घेऊन नोंदवावी.