कंदिलाची काच

काचेच्या कलेचा विषय निघाला की लोकांना झुंबरं आठवतात. मला आमच्या रेवसच्या घरातली कंदिलाची काच आठवते. दिवेलागणीला वीज हमखास जायची. मगरिबच्या अजानआधी काच पुसून ठेवणं हे माझं काम. कारण आत जाईल एवढा लहान हात घरात माझाच होता. आधी चुलीतली राख, मग कोरडं फडकं, शेवटी वर्तमानपत्राचा बोळा. (संपादकांनी माफ करावं.)

कंदील ‘प्रभाकर’, ओगल्यांचा. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला आणि त्या वस्तीचं नावच ओगलेवाडी पडलं. त्याआधी १९०८मध्ये तळेगावला पैसा फंडाचा कारखाना उभा राहिला होता, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना.

काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी. वाळू मात्र आमच्या किनाऱ्यावरची काळपट चालत नाही. तिच्यात लोह असलं की काच हिरवट होते. भट्टीत सुमारे १५०० अंशांवर हे सगळं वितळतं. त्यात फुटक्या काचेचे तुकडेही घालतात, म्हणजे रस लवकर होतो. कारागीर लोखंडी नळीच्या टोकाला मधासारखा दाट गोळा घेतो, नळी फिरवत राहतो, फुंकतो. फिरवणं थांबलं की गोळा एकीकडे लोंबतो. मला कवी म्हणून हेवा वाटतो तो या फुंकरीचा. पण खरी परीक्षा पुढेच असते. काच सावकाश निववावी लागते. घाईने गार झाली तर तिच्यात ताण राहतो आणि एखाद्या दिवशी ती ठेवल्या जागी तडकते.

हे सगळं पुढे वाचलं. तेव्हा एवढंच कळलं, की पेटत्या कंदिलाच्या काचेला ओलं फडकं लावू नये. मी लावलं. वडील लाँचवर तांडेल होते, भाऊच्या धक्क्याहून परतायचे होते. बाहेर पावसाळी वारा. काच ‘टिच्‌’ म्हणाली आणि दोन तुकडे झाले. ज्योत तीनदा विझली. आई काही बोलली नाही. चौथ्यांदा वात पेटवून तिने दोन्ही तळव्यांची ओंजळ ज्योतीभोवती धरली आणि खिडकीपाशी बसून राहिली. बोटांच्या कडा लाल, पारदर्शक दिसत होत्या.

वडील आले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.