सोबत्याचं काय पाहिलं, तेवढं सांगा



मिशन ट्रिप हा शब्द आता आपल्या मंडळ्यांत चांगलाच रुळलाय. आठ-दहा दिवस सेवेला जायचं, परत आलं की रविवारी साक्ष द्यायची, फोटो दाखवायचे. त्या फोटोंत कोण दिसतं? ज्याच्या हातात माइक असतो तो आणि गिटारवाला. बाकीचे मागे कुठेतरी भांडी घासत असतात. आज मला या मागच्या लोकांबद्दल बोलायचं आहे.

पवित्र शास्त्रात रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुतेक वेळा भराभर वाचून टाकतो. नुसती नावंच आहेत, असं म्हणतो. पण पौल तिथे पंचवीसहून जास्त माणसांची आठवण काढतो, आणि पुष्कळांबद्दल त्यांनी नेमकं काय केलं तेही सांगतो. फिबीने अनेकांना आधार दिला. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. पर्सिसने फार श्रम केले. पत्र लिहून घेणारा तर्तिय, तोही मध्येच आपला सलाम सांगून घेतो. मला तो फार आवडतो! "सगळे छान होते" असं एका ओळीत म्हणून पौलाला पत्र संपवता आलं असतं. त्याने तसं केलं नाही.

आम्ही नऊ जण नगरहून झाशीला गेलो होतो. तिथल्या एका मिशन इस्पितळात दहा दिवस मदत करायची होती. नोंदणी, रंगकाम, आसपासच्या गावांत तपासणी शिबिरं. झाशी म्हटलं की आपल्याला राणी आठवते, किल्ला आठवतो. आमच्यासमोर आली ती बुंदेलखंडातल्या दगडखाणींत आणि क्रशरवर काम करणारी माणसं. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही.

आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका होते. त्यांना गाता येत नाही, प्रार्थना दोन वाक्यांत संपते. त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवलं. पहिल्याच शिबिरात गावातले एक वजनदार गृहस्थ चार माणसं घेऊन आले आणि सरळ डॉक्टरांकडे निघाले. काकांनी उठून त्यांना नमस्कार केला, खुर्ची दिली आणि हातात चिठ्ठी ठेवली. बेचाळीस नंबर. आवाज चढला नाही, नंबरही बदलला नाही. रांगेतल्या एका म्हातारीला दम लागला, तर तिला सावलीत बसवून तिची जागा त्यांनी स्वतः धरून ठेवली. याला आपण काय म्हणतो? "काका कामाचे आहेत." मी म्हणेन, ही न्यायबुद्धी आहे, आणि ती गिटारपेक्षा दुर्मिळ आहे.

एक मावशी होत्या. प्रत्येक बैठकीत प्रश्न. पावती कुठे आहे? परवानगी कुणाची घेतली? आमची तरुण मुलं वैतागायची. त्यात मावशींनी ठणकावून सांगितलं, की रुग्णाने स्वतः विचारल्याशिवाय कुणीही प्रार्थना करायची नाही. औषध आणि प्रार्थना एकाच हातातून द्यायची नाही. एकाने त्यांना भित्र्या म्हटलं. भीतीला कारण होतंच. उत्तर प्रदेशात 2021 चा धर्मांतरविरोधी कायदा आहे. त्याच वर्षी 19 मार्चला उत्कल एक्सप्रेसने निघालेल्या दोन नन्स आणि त्यांच्याबरोबरच्या दोन तरुणी यांना धर्मांतराच्या संशयावरून याच झाशी स्टेशनवर उतरवलं होतं. कागदपत्रं पाहून मग सोडलं. पण मावशींचं म्हणणं कायद्यापुरतं नव्हतं. त्या म्हणाल्या, "कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही." मला विचाराल तर त्या दहा दिवसांतलं सगळ्यात ख्रिस्ती वाक्य तेच होतं.

आणि एक नर्सिंगची विद्यार्थिनी. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली की तिचा घसा कोरडा पडायचा. तिसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, "ताई, हे माझं काम नाही. मी परत जाते." तिकिटाचं बघायलाही लागली होती.

त्या संध्याकाळी आम्ही एक गोष्ट सुरू केली. जेवणानंतर पंधरा मिनिटं. प्रत्येकाने एका सोबत्याबद्दल बोलायचं, पण विशेषण वापरायचं नाही. प्रेमळ, नम्र, आत्म्याने भरलेला, काही नाही. आज तुम्ही काय पाहिलं, तेवढंच सांगायचं. ऐकणाऱ्याने "नाही नाही, कसचं काय" करायचं नाही. पहिले दोन-तीन जण अडखळले. स्तुती करायला आपल्याला सोपी जाते, पण पाहिलेलं सांगायला आधी पाहावं लागतं ना!

काकांची पाळी आली. ते म्हणाले, "आज क्रशरवरच्या एका माणसाला डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. ही पोरगी त्याच्याजवळ पाऊण तास बसून होती. बोलली नाही. पाणी दिलं, मग त्याच्या बायकोला पंप कसा ओढायचा ते चार वेळा दाखवलं. मी घड्याळ बघत होतो." एवढंच बोलून काका बसले. मुलगी खाली मान घालून रडली. सकाळी तिने तिकिटाचा विषय काढला नाही.

मार्कही पहिल्या प्रवासातून अर्ध्यावर परतला होता. पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नव्हता. बर्णबा त्याला घेऊन गेला. पुढे तोच पौल पत्रात लिहितो, की मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात बर्णबा त्याच्याशी काय बोलला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

झाशीपासून शंभरेक किलोमीटरवर नौगांव आहे. 1896 मध्ये, दुष्काळाच्या तोंडावर, डेलिया फिस्लर आणि एस्थर बेअर्ड या दोन अमेरिकन क्वेकर स्त्रिया तिथे आल्या आणि त्यांनी अनाथ मुलं सांभाळली. त्यांची नावं राहिली, ते योग्यच आहे. पण त्या पोरांसाठी जात्यावर कोण बसलं असेल? अशी नावं आपल्यापर्यंत क्वचित येतात. आपल्या संघातली तरी आपल्याला माहीत असतात.

एक सांगून ठेवते. या पंधरा मिनिटांनी भांडणं मिटत नाहीत. काका चहा उशिरा आला की चिडायचे ते शेवटपर्यंत चिडले, आणि मावशींच्या प्रश्नांनी दोन बैठका लांबल्याच.

नोव्हेंबरात संघ पुन्हा निघतोय. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून नोंदणीच्या टेबलावर ती मुलगी बसणार आहे. काका तिला रोज फोनवरून रांग कशी लावायची ते शिकवतात. मावशींचा फॉर्म सर्वांत आधी आला. सोबत तीन प्रश्न आहेत.