एक लिटर म्हणजे किती तांबे?



ज्याने आपल्या कारकिर्दीची पहिली सोळा वर्षे जाहिरातीच्या पेशात, रंग आणि अक्षरे यांच्या सहवासात घालविली, अशा माणसास आपण या संमेलनाचे अध्यक्षपद दिलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. आणि डिझाइन व मार्केटिंग सोडून इन्स्ट्रक्शनल डिझाइनकडे, ज्यास मी साध्या मराठीत पाठरचना म्हणतो, वळू पाहणारी जी तरुण मंडळी समोर बसली आहेत, त्यांना उद्देशूनच मी चार शब्द बोलणार आहे.

जलसंजीवनीच्या (ओआरएस) वापराविषयी पत्रक तयार करण्याचे काम एकदा आमच्या कचेरीकडे आले होते. निळ्या रंगाच्या तीन छटा, हसरे बालक, वळणदार अक्षर. मसुदा एकाच बैठकीत मंजूर झाला. छपाईनंतर, केवळ छायाचित्रे घ्यावयाची म्हणून, मी डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर गेलो. तेथील एका तरुण आईने पत्रक हातात घेतले, चित्र डोळे भरून पाहिले, मग आत जाऊन पितळेचा तांब्या आणला आणि विचारले, "दादा, एक लिटर म्हणजे याचे किती?"

जलसंजीवनीची संपूर्ण पुडी एक लिटर पाण्यात विरघळवावयाची असते. पाणी कमी पडले तर क्षार अधिक होऊन बालकास अपाय, जास्त झाले तर गुण उणा. ज्या मापावर सारा उपचार अवलंबून, तेच माप मी, मांडणी बिघडू नये म्हणून, पत्रकाच्या तळाशी बारीक टायपात लोटले होते. शेजारच्या घरातून लिटरची बाटली आणविली. ती तांब्यात ओतता एक तांब्या काठोकाठ भरला आणि दुसरा गळ्याच्या जरा खाली थांबला. बाईने चुलीतला कोळसा घेऊन तेथे आडवी रेघ ओढली. माझ्या मते त्या दिवशीची खरी पाठरचना ती रेघ होती, आणि ती माझ्या हातची नव्हती.

पुढे अभ्यास करताना आढळले की, रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली हाच मुद्दा शास्त्रशुद्ध रीतीने मांडला होता: शिकणारा अखेरीस काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत अचूक, हे आधी निश्चित करावे. अमेरिकी लष्कराच्या तालमीसाठी १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात जी टप्पेवार पद्धत सिद्ध झाली, तिचाही आरंभ पृथक्करणापासून, म्हणजे शिकणाऱ्याच्या गरजेपासूनच होतो. परंतु इतके दूर जाण्याचे कारण नव्हते. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच, १९४५ साली बोर्डीस ताराबाई मोडकांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून जन्मला, आणि तेच कार्य अनुताई वाघांच्या साथीने पुढे कोसबाडच्या टेकडीवर, त्याच डहाणू तालुक्यात, बहरले.

जाहिरातीची विद्या येथे वाया जाते असे मात्र कोणी समजू नये. ग्राहक कोण, त्याची बोली कोणती, त्याचा डोळा प्रथम कोठे पडतो, हे ज्यास कळते, तो उत्तम पाठरचनाकार होऊ शकतो. फरक पडतो तो परीक्षेच्या जागी: जाहिरातीचे काम लक्ष वेधले आणि इच्छा जागविली की बहुतांशी संपते, आमचे काम मात्र दुसऱ्या दिवशी, आपण तेथे नसताना, शिकणाऱ्याच्या हातून क्रिया बिनचूक घडते की नाही, यावर ठरते. बैठकीतील टाळ्यांचा मोह सोडणे हे सॉफ्टवेअर शिकण्याहून कितीतरी कठीण आहे. मला त्यास काही वर्षे लागली.

नोकरीसाठी येणारे उमेदवार सुबक कामांचे बाड घेऊन येतात. माझी विनंती अशी की, त्यात निदान एका पाठाचा समग्र दाखला असावा: पहिला मसुदा, शिकणारा जेथे अडखळला त्या जागेची नोंद, आणि दुरुस्त मसुदा. कार्यकारी मंडळाने पुढील संमेलनात अशाच अडखळलेल्या मसुद्यांचे एक दालन उघडावे. त्यासाठी माझे ते निळे पत्रक मी आज कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे.