बर्फात तगलेलं बियाणं

 

आज आम्ही तुम्हाला एका शेतकऱ्याची गोष्ट सांगणार आहोत. तो आपल्या गावचा नाही, आपल्या देशाचाही नाही. पण ज्या पिकासाठी त्याचं नाव राहिलं, ते पीक आपल्यापैकी कितीतरी जणींच्या गोठ्यात रोज येतं. आपण त्याला लसूणघास म्हणतो, काही भागात नुसतं घास म्हणतात. युरोपात त्याला ल्युसर्न म्हणतात आणि अमेरिकेत अल्फाल्फा. नावं वेगळी, झाड एकच.

या शेतकऱ्याचं नाव वेंडेलिन ग्रिम. १८१८ साली जर्मनीतल्या बाडेन नावाच्या मुलखात, क्युल्सहाइम या गावी तो जन्मला. त्या भागात बाप गेला की जमिनीच्या वाटण्या होत. चार मुलं असली तर चार तुकडे, पुढच्या पिढीत त्या तुकड्यांचेही तुकडे. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्यात १८४० नंतरच्या काळात बटाट्यावर रोग आला. बटाटा हे गरिबाचं पोटभरीचं अन्न, तेच सडलं. १८४८-४९ साली तिथल्या लोकांनी राजसत्तेविरुद्ध उठाव केला, तो सैन्यानं मोडून काढला. मग हजारो कुटुंबं गाव सोडून समुद्रापार निघाली.

ग्रिम १८५७ साली निघाला. बरोबर बायको जुलियाना आणि मुलं. वय चाळिशीला टेकलेलं, म्हणजे नव्यानं संसार मांडायचं वय ते नव्हे. ते पोचले अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटात. तिथल्या कार्व्हर परगण्यात, चास्का गावाजवळ, त्यांनी शेती घेतली.

सामानात त्यानं एक लहान पोतं आणलं होतं. त्यात घासाचं बी होतं, पंधरा ते वीस पौंड. आपल्या मापानं सात ते नऊ किलो. त्याच्या गावाकडे या घासाला जे नाव होतं, त्याचा अर्थ होतो 'कायमचा घास'. एकदा पेरला की कापावा, पुन्हा फुटतो, पुन्हा कापावा. परक्या मुलखात जाताना माणूस काय काय नेतो? ग्रिमनं जनावरांच्या चाऱ्याचं बी नेलं. जनावर जगलं तर घर जगेल, हा साधा हिशेब.

१८५८ च्या वसंतात त्यानं ते पेरलं. उगवलं, वाढलं, हिरवंगार झालं. आणि मग हिवाळा आला.

मिनेसोटाचा हिवाळा म्हणजे काय, ते जरा नीट सांगायला हवं. आपल्याकडे नाशिक-निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. तिथं पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरतो. तळी गोठतात, जमीन दगडासारखी होते. मातीतलं पाणी गोठलं की माती फुगते, ऊन पडलं की बसते, पुन्हा गोठली की पुन्हा फुगते. या वरखालीत झाडाची मुळं उचकटून वर येतात. बाडेनच्या मऊ हवेतला घास तिथं कसा टिकणार? ग्रिमच्या शेतातली बरीचशी झाडं मेली.

बरीचशी मेली, पण सगळी मेली नाहीत. बर्फ वितळल्यावर कुठे कुठे एखादा खुंट पुन्हा फुटला. ग्रिमनं तो राखला. त्याला फुलू दिलं, शेंगा धरू दिल्या, त्याचं बी गोळा केलं आणि तेच पुन्हा पेरलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही मेली, काही जगली. जगलेल्यांचं बी पुन्हा राखलं. असं एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, वर्षामागून वर्षं चाललं. हळूहळू मरणारी झाडं कमी झाली आणि जगणारी वाढली. शेवटी त्याच्या शेतात असा घास उभा राहिला, की तो तिथल्या हिवाळ्याला हार जाईना.

आता यात जादू काही नव्हती. पुढे शास्त्रज्ञांनी या घासाची फुलं पाहिली, तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. आपल्या लसूणघासाची फुलं जांभळी असतात. ग्रिमच्या घासात जांभळी होती, हिरवट होती, पिवळसरही होती. थंड मुलखात पिवळ्या फुलांचा एक रानटी घास उगवतो, तो या घासाचा भाऊबंद. त्याचं रक्त या बियाण्यात कधीतरी मिसळलेलं होतं. म्हणजे त्या पोत्यातलं बी एकसारखं नव्हतंच. काही नाजूक, काही चिवट. थंडीनं त्यातलं चिवट तेवढं ठेवलं. बियाण्यात अशी सरमिसळ असते, म्हणून संकट आलं तरी त्यातलं काहीतरी तगतं. सगळं बी एकाच साच्यातलं असतं, तर पहिल्याच हिवाळ्यात सगळं एकदम गेलं असतं.

पण मैत्रिणींनो, थंडीनं निवडलं तरी राखलं माणसांनी. मेलेलं शेत पाहून दुसऱ्या कुणी नांगर फिरवला असता. आणि घासाचं बी धरणं किती जिकिरीचं, ते ज्यांनी धरलंय त्यांना विचारा. बी बारीक. शेंगा गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या. त्या वाळवा, झोडा, पाखडा. आणि बी धरायचं म्हणजे तेवढ्या कापण्या सोडायच्या, म्हणजे त्या वर्षी चारा कमी.

त्या राखणीचं फळ त्याला मिळालं. तिथले लोक एक किस्सा सांगतात. एका टंचाईच्या वर्षी सगळ्यांची जनावरं हडकली होती आणि ग्रिम मात्र धष्टपुष्ट गुरं घेऊन बाजाराला निघाला. शेजाऱ्यानं विचारलं, एवढा मका आणलास कुठून? ग्रिमनं सांगितलं, मक्याचा एक दाणाही घातला नाही, फक्त कायमचा घास. घासाची मुळं दोन-तीन मीटर, कधी त्याहूनही खोल जातात. वरची माती सुकली तरी खालचा ओलावा ती ओढून आणतात. पुढे शेजाऱ्यांनी त्याच्याकडून बी नेलं. १८८९ साली सबंध मिनेसोटातला जवळपास निम्मा घास त्या एका कार्व्हर परगण्यात होता.

इथं आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती जमीन रिकामी नव्हती. तिथं डकोटा नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्या बायका मका लावत, त्याचं बी राखत. १८५१ साली सरकारनं करार करून त्यांची जमीन घेतली, मोबदल्यात पैसे आणि धान्य कबूल केलं. ते वेळेवर आलं नाही, लोक उपाशी पडले. १८६२ साली लढाई झाली. तिच्यात दोन्हीकडची माणसं मेली. त्या डिसेंबरात मॅन्काटो गावी अडतीस डकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी दिलं, आणि पुढच्या वर्षी उरलेल्यांना त्या मुलखातूनच हाकललं. ग्रिमच्या घरानं कष्ट केले हे खरं. आणि ज्या मातीत ते केले, ती माती दुसऱ्या कुणाची तरी सुटली होती, हेही खरं. धरणाखाली गाव गेलेल्या आमच्या मैत्रिणी ऐकत असतील, त्यांना हे अर्ध्या शब्दात कळेल.

ग्रिम १८९० साली वारला. आपण काही मोठं केलं, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तोवर विद्यापीठाचा कुणी शास्त्रज्ञ त्याच्या बांधावर आला नव्हता. पुढे त्याच भागातल्या लायमन नावाच्या शिक्षकाच्या लक्षात आलं, की बाहेरून आणलेल्या बियाण्याचा घास हिवाळ्यात मरतो आणि ग्रिमच्या वंशातला घास शेजारीच डौलात उभा राहतो. त्यानं १९०० च्या सुमारास ही गोष्ट मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातल्या विलेट हेज या शास्त्रज्ञाच्या कानावर घातली. तपासण्या झाल्या. मग तो घास 'ग्रिम अल्फाल्फा' या नावानं अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात पसरला. जिथं आधी हे पीक टिकत नव्हतं, तिथं दुभत्या जनावरांना हक्काचा चारा मिळाला. १९२४ साली त्याच्या शेतावर स्मारक उभारलं गेलं. त्याचं घर आजही जपलेलं आहे.

या गोष्टीतून आपण काय घ्यायचं? आम्हाला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली घासाची. ज्यांच्याकडे पाणी आहे आणि निचऱ्याची जमीन आहे, त्यांनी चार गुंठे तरी घास लावावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा पेरणीचा काळ. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला 'आर. एल. ८८' हा वाण बहुवर्षायू आहे. नीट सांभाळला तर तीन वर्षं चालतो. पहिली कापणी दोनेक महिन्यांनी, मग महिन्या-महिन्यानं. घासात प्रथिनं भरपूर असतात, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीला देतात. मात्र ओला, कोवळा घास उपाशी जनावरापुढे एकदम टाकू नका, पोट फुगतं. आधी कडबा द्या, घास थोडा सुकवून, कुट्टीत मिसळून द्या. आणि पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल घासावर दिसली, तर तिला फूल येण्याआधी वेटोळ्यासकट तेवढी झाडं कापून जाळून टाका. ती एकदा बियात मिसळली की पुढची वर्षं वाया जातात.

दुसरी बी धरण्याची. बी धरताना एकाच सुंदर झाडाचं धरू नका. पुष्कळ झाडांचं धरा, म्हणजे ग्रिमच्या पोत्यातली सरमिसळ आपल्याही गाडग्यात राहील. आणि चांगल्या वर्षात सगळंच चांगलं दिसतं, तेव्हा वाईट वर्षावर लक्ष ठेवा. उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली तरी कोणती झाडं उभी राहिली? रोग आला तेव्हा घेवड्याचा कोणता वेल हिरवा राहिला? त्याला चिंधी बांधून ठेवा, त्याचं बी वेगळं काढा. हे देशी आणि सुधारित सरळ वाणांनाच लागू आहे. संकरित बियाण्याचं बी धरून पेरलं, तर ते आईबापासारखं येत नाही, पीक कमीजास्त होतं.

तिसरी हक्काची. आपल्या देशात २००१ साली पिकांच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखता येतं, पेरता येतं, एकमेकींना देता येतं, विकताही येतं. फक्त नोंदणी केलेल्या वाणाचं बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. आणि शेतकऱ्यानं जपलेल्या वाणाची नोंदणी त्याच्या किंवा तिच्या नावानं होऊ शकते. 'तिच्या' हा शब्द आम्ही मुद्दाम म्हणतोय. स्मारकावर नाव ग्रिमचं आलं. बी मात्र घर राखतं. आपल्याकडे राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात, गाडग्यात बी कोण ठेवतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून बियाण्याच्या वहीतही नाव नको, असं होऊ देऊ नका.

म्हणून एक काम सांगतो. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचे हिशेब झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं सांगायचं, आपल्या घरात कोणतं बी स्वतःचं आहे, ते कुणाकडून आलं, आणि कोणत्या वाईट वर्षात ते तगलं. एकीनं ते वहीत लिहायचं, बी राखणारीच्या पूर्ण नावासकट. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या तोंडून ऐकून लिहा. एखादं बी एकीकडेच उरलं असेल, तर त्याच दिवशी ओंजळभर दुसरीच्या घरी जाऊ द्या. एका घरात पाणी शिरलं, उंदीर लागले, तर दुसरीकडे ते राहील.

ती वही भरली की आम्हाला कळवा. त्यातली नावं आम्ही रेडिओवरून वाचून दाखवू. तोवर जनावरांना जपा, स्वतःलाही जपा. नमस्कार.