हड्डी हमारी, चमडी तुम्हारी?



आपल्याकडे पोराला मकतबात घालताना वडील उस्तादांना सांगत, "हड्डी हमारी, चमडी तुम्हारी." मारायची परवानगी अशी घरातूनच जाते.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मारायला बंदी केली. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे त्या कायद्याबाहेर राहिले. तिथल्या मुलाला ही ढाल नाही.

नमाजसाठी दहाव्या वर्षी मारण्याची हदीस काहीजण पुढे करतात. पण हजरत अनस यांनी लहान वयापासून दहा वर्षं पैगंबरांची (स.) सेवा केली, कधी 'उफ्'सुद्धा ऐकलं नाही, हीही हदीसच आहे.

देगलूरच्या प्रत्येक पालकाने उस्तादांना आणि मास्तरांना सांगावं, पोर चुकलं तर मला बोलवा, हात लावू नका. आणि घरीही तेच पाळावं.