दोरी ओढण्याचा अधिकार

(संस्थेच्या तंत्रशिक्षण वर्गाचे विद्यार्थी व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘लीन विचारपद्धती आणि कामातील सातत्यपूर्ण सुधारणा’ असा छापला आहे. नाव जरा भारदस्त आहे. आपल्यापैकी जे विद्यार्थी लवकरच कारखान्यांत मुलाखतीला जातील त्यांच्या कानांवर कायझेन, फाइव्ह एस, पोका-योके असले शब्द पडतीलच. हे शब्द पाठ करून जाणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. शब्द आले म्हणजे काम आले असे त्यांना वाटते. त्या शब्दांची यादी मी आज देणार नाही, ती कोणत्याही पुस्तकात मिळेल. मला या पद्धतीतील एकाच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. काम करणाऱ्या माणसाला समोर दोष दिसला तर काम थांबविण्याचा अधिकार त्याला आहे की नाही? माझ्या मते बाकीचे सारे या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे.

ही पद्धत मोटारीच्या कारखान्यातून जगभर पसरली, परंतु तिचा जन्म मागावर झाला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडचे कोणी येथे असतील तर त्यांना ही हकीकत चटकन समजेल. साध्या यंत्रमागावर ताण्याचा एखादा धागा तुटला आणि विणकराचे लक्ष दुसऱ्या मागाकडे असले तर माग आपला चालूच राहतो. कापडात उभी रेघ पडत जाते आणि ती दिसेपर्यंत कित्येक वार माल खराब झालेला असतो. म्हणून विणकराला डोळ्यांत तेल घालून मागापाशी उभे राहावे लागते. साकिची टोयोडा या जपानी संशोधकाने १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला त्यात धागा तुटताच माग आपोआप थांबण्याची सोय होती. यंत्राची राखण करीत उभे राहण्यातून माणूस मोकळा झाला आणि एकटा विणकर कितीतरी अधिक माग सांभाळू लागला. या मागाचे पेटंट-हक्क १९२९ साली इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरने जगाला माग पुरविले, त्यानेच जपानकडून माग बनविण्याचा हक्क विकत घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मागाच्या कंपनीतच १९३३ साली मोटारीचा विभाग उघडला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी बुडण्याच्या बेतास आली. १९५० साली कामगारकपात झाली, मोठा संप झाला आणि किइचिरोंना अध्यक्षपद सोडावे लागले. तेव्हा जवळ पैसा नाही, जागा नाही, अमेरिकेसारखी मोठी बाजारपेठही नाही, अशी स्थिती होती. माल भरून ठेवण्याची ऐपत नसलेल्या माणसाने जसा संसार करावा तसा कारखाना चालविणे भाग होते. हे काम ताइइची ओनो या अभियंत्याने केले. तेही टोयोडांच्या कापडगिरणीतूनच मोटारीकडे आलेले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ओनो यांनी वायफळ खर्चाचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, मालाची विनाकारण ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, हातापायांची निरर्थक हालचाल आणि सदोष माल. यांतील पहिला त्यांना सर्वांत वाईट वाटे. आपल्याकडे जास्त माल काढणाऱ्याची पाठ थोपटतात, मग ओनोंना त्यात वाईट काय दिसले? माल साठला की दोष झाकले जातात. सुटे भाग शेकड्यांनी पडून असतील तर एक भाग बिघडल्याने कोणाचे अडत नाही. तो बाजूला टाकून दुसरा उचलायचा, इतकेच. बिघाड का झाला हे कोणी विचारीत नाही. हाताशी जेमतेम लागेल तेवढाच माल असला म्हणजे प्रत्येक दोष बोंब मारतो आणि त्याच्याकडे पाहणे भाग पडते. अर्थात थोडा थोडा माल काढावयाचा तर यंत्रावरील साचे वारंवार बदलावे लागतात, आणि एका हजार-टनी प्रेसवरचा साचा बदलण्यास चार तास लागत. १९६९ च्या सुमारास शिगेओ शिंगो यांनी ते काम प्रथम दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणले. युक्ती साधी होती. जी तयारी यंत्र चालू असतानाही करता येते ती आधीच करून ठेवावयाची आणि यंत्र थांबविल्यावर फक्त उरलेले काम करावयाचे. आपल्या घरातील स्त्रिया पाहुणे येण्यापूर्वी मसाला वाटून ठेवतात, त्यात हेच शास्त्र आहे.

आता दोरीकडे येतो. टोयोटाच्या जुळणी-रांगेवर कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही चुकले असे वाटले की त्याने ती ओढावयाची. दिवा लागतो आणि गटप्रमुख धावत येतो. गाडी ठरावीक खुणेपर्यंत सरकण्याच्या आत अडचण सुटली तर ठीक, नाही तर रांग थांबते. साकिचींच्या मागाने जे धाग्याबाबत केले तेच येथे माणसाच्या हाती दिले आहे. आल्याबरोबर “कोणी केले?” हे विचारावयाचे नसते, “का झाले?” हे विचारावयाचे असते, आणि तेही एकदा विचारून भागत नाही. ओनोंनी दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. यंत्र का थांबले? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरत नव्हते. का पुरत नव्हते? पंप नीट तेल ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. पहिल्या उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलून मोकळा होईल आणि महिन्याभराने पुन्हा तेच दुखणे येईल.

कामगारांच्या अंगातच काही नसते, असे म्हणणारे अधिकारी सर्वत्र भेटतात. त्यांना मी फ्रीमाँटचे उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातील या गावी जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी इतकी की दर पाचांमागे जवळजवळ एक कामगार येत नसे, दारू पिऊन काम चाले, मुद्दाम नासधूसही होई. रांग थांबविणे तेथे मोठे पाप समजले जाई. दोष असलेली गाडी पुढे ढकलायची आणि शेवटी दुरुस्ती करायची, हा शिरस्ता होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा व जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. बहुतांश कामगार जुनेच घेतले, संघटनाही जुनीच ठेवली. शेकडो लोकांना जपानला नेऊन काम दाखविले आणि हाती दोरी दिली. दोन-तीन वर्षांतच तेथील गाड्यांचा दर्जा आणि कामाचा वेग जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांच्या पुढे गेला. १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा कामगारांना कमी करण्याऐवजी प्रशिक्षणास बसविले गेले. दिलेला शब्द पाळला गेला. याच कारखान्यात काम केलेल्या जॉन क्राफ्चिक या अभियंत्याने १९८८ साली एका लेखात ‘लीन’ हा शब्द प्रथम वापरला. लीन म्हणजे सडपातळ, अंगावर फालतू चरबी नसलेला. माणसे काढणे असा त्याचा अर्थ कोठेच नव्हता. पुढे पुष्कळ कंपन्यांनी तो तसा करून घेतला.

दोष सांगणाऱ्याची मान राखणे म्हणजे काय, हे एका शब्दाच्या इतिहासावरून कळते. चूक होऊच नये अशा लहानशा व्यवस्थेला जपानीत पूर्वी ‘बाका-योके’ म्हणत. म्हणजे मूर्खालाही चुकता येणार नाही अशी सोय. शिंगो सांगतात की १९६३ च्या सुमारास एका कारखान्यात असे साधन बसविल्यावर तेथील एक कामगार स्त्री रडू लागली. “मी इतकी मूर्ख होते का?” असे तिने विचारले. तेव्हापासून शिंगोंनी ‘पोका-योके’ हे नाव रूढ केले. पोका म्हणजे अनवधानाने होणारी चूक. मूर्ख कोणी नसतो, लक्ष मात्र कोणाचेही चुकते.

हे सारे ऐकून टोयोटा म्हणजे स्वर्ग, असा समज कोणी करून घेऊ नये. सातोशी कामाता या पत्रकाराने तेथे हंगामी कामगार म्हणून राबून १९७३ साली पुस्तक लिहिले. त्यात रांगेचा वेग आणि शिणलेली शरीरे यांचे जे वर्णन आहे ते वाचून ही स्तुती जरा आवरती घ्यावी लागते. कमी साठ्याच्या तत्त्वालाही मर्यादा आहेत. २०११ च्या भूकंपानंतर पुरवठा तुटला तेव्हा टोयोटानेच काही भागांचा, विशेषतः इलेक्ट्रॉनिक चिपांचा, अनेक महिन्यांचा साठा राखण्याचे धोरण घेतले. आणि २०२३ च्या डिसेंबरात टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सू कंपनीत सुरक्षा-चाचण्यांतील गैरप्रकार उघडकीस आले. चौकशी समितीने बोट ठेवले ते मुदतीच्या अतोनात घाईवर आणि अडचण वरिष्ठांपुढे मांडता न येण्यावर. रांगेवर दोरी होती, चाचणीच्या खोलीत नव्हती.

आपल्याकडे दोरीऐवजी बहुधा सूचनापेटी असते. मी नोकरी केलेल्या एका कारखान्यात ती फाटकाशी टांगलेली होती. कुलूप शाबूत होते, किल्ली मात्र कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. टोयोटातही १९५१ पासून सूचनांची योजना आहे. पण तेथे सूचनेला उत्तर मिळते. नुसती पेटी टांगल्याने माणूस एकदा बोलेल, दुसऱ्यांदा बोलणार नाही.

हे कारखान्यापुरतेच आहे असे वाटू नये म्हणून शाळेच्या कार्यालयातील एक नेहमीची गोष्ट घेतो. शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. का? नाव जुळत नाही. जनरल रजिस्टरात मोहम्मद, आधारवर मोहंमद, बँकेच्या पासबुकात नुसते मो. असे का? प्रवेशाच्या वेळी नाव कानांवर पडले तसे लिहिले गेले. का? जन्मदाखला समोर नव्हता. का? तो आणावयाचा हे वडिलांना खिडकीपाशी आल्यावर कळले, त्यांचा रोजगार बुडत होता आणि मागे जून महिन्याची रांग होती. येथे लिपिकास बोल लावून काय मिळणार? ज्या आईने दोनदा खेटे घातले तिचा मात्र दिवस गेला आणि मुलाची रक्कमही गेली. शाळा सोडल्यानंतर तर रजिस्टरातील नाव दुरुस्त करणे किती जिकिरीचे असते, हे येथील प्रत्येक पालक जाणतो.

माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे ती एवढीच. लागणाऱ्या कागदांची यादी मे महिन्यातच वस्तीवस्तीत पोहोचवावी. रजिस्टरात शाईने नोंद करण्यापूर्वी नाव मराठीत व इंग्रजीत एका चिठ्ठीवर लिहून पालकांना वाचून दाखवावे आणि त्यांची सही घ्यावी. नावात फरक दिसला तर नोंद थांबविण्याची मुभा लिपिक भाऊसाहेबांना असावी. त्यामुळे रांग खोळंबली तर मुख्याध्यापकांनी खिडकीपाशी स्वतः जावे, भाऊसाहेबांना केबिनमध्ये बोलावू नये. जुन्या नोंदींची तपासणी आठवीच्या वर्गापासून सुरू केली तर दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी दुरुस्तीस दोन वर्षे हाताशी राहतात. मुलांकडून आधारची प्रत मागविली की एका वर्गाचे काम दोन दुपारींत होईल असा माझा अंदाज आहे. तंत्रशिक्षण वर्गाच्या चार-सहा विद्यार्थ्यांनी मदत केली तर त्यांनाही कागदावरचा दोष मुळापर्यंत शोधण्याचा सराव होईल.

प्रश्न असतील त्यांनी अवश्य विचारावेत. सभा संपल्यावरही मी काही वेळ येथेच आहे.