शिक्षकाची अपेक्षा

वर्गात प्रश्न विचारला गेला, की शिक्षकाची दृष्टी कोठे वळते हे पाहण्यासारखे असते. बहुधा ती पुढच्या बाकांवरील दोन-चार मुलांकडे जाते. उत्तर तेथूनच येणार हे शिक्षकाला ठाऊक असते आणि मागच्या बाकांवरील मुलांनाही ठाऊक असते. काही महिन्यांनी ही मागची मुले प्रश्न ऐकण्याचेच सोडून देतात. त्यांना कोणी टाकून बोललेले नसते, की छडी मारलेली नसते. आपल्याकडून कोणाची काही अपेक्षा नाही, एवढे मात्र त्यांना उमगलेले असते. आणि ही गोष्ट मुलांना फार लवकर उमगते.

शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलाच्या प्रगतीवर खरोखर परिणाम होतो काय, हा प्रश्न अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी १९६४ साली तपासावयास घेतला. शाळेतील मुलांची एक बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. नव्या वर्षाच्या आरंभी शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगण्यात आले, की ही मुले या वर्षी झपाट्याने पुढे येतील असे चाचणीवरून दिसते. वस्तुतः सुमारे एकपंचमांश मुलांची ही नावे, चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली होती. चाचणीतील गुणांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पुढे पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिल्या व दुसऱ्या इयत्तांत या मुलांची वाढ इतरांहून स्पष्टपणे अधिक आढळली. वरच्या इयत्तांत तसा फरक फारसा दिसला नाही.

१९६८ साली हा प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध होताच मोठा वाद माजला. चाचणीच्या विश्वसनीयतेवर आणि निष्कर्षांच्या व्याप्तीवर तज्ज्ञांनी कठोर आक्षेप घेतले, आणि ते सर्वस्वी निराधार नव्हते. पुढील अनेक वर्षांच्या संशोधनातून जे चित्र उभे राहिले, ते अधिक संयमित आहे. अपेक्षेचा परिणाम होतो. परंतु सामान्यतः तो बेताचाच असतो. शिक्षकाने मनात आणले आणि मंद मूल बुद्धिमान झाले, असे घडत नाही. मात्र या संशोधनाकडे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. समाजाने ज्यांना आधीच हलके लेखले आहे, त्या घरांतील मुलांवर शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. ज्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत आणि आईवडील अभ्यासाला बसवतात, त्याला शिक्षकाची उदासीनता फारशी बाधत नाही. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याला शिक्षकाचे मत हाच एकमेव आरसा असतो.

मनातील मत मुलापर्यंत पोहोचते कसे? ते शिक्षकाच्या लहानलहान कृतींतून पोहोचते. ज्याच्याकडून आशा आहे, त्याच्याशी शिक्षक अधिक आपुलकीने वागतो. त्याला अधिक शिकवतो आणि अधिक अवघडही शिकवतो. त्याला बोलण्याची संधी जास्त देतो आणि त्याचे चुकले तर कोठे चुकले हे समजावून सांगतो. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. त्यातही हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी ते अधिक वेळ थांबत आणि कच्च्या समजल्या गेलेल्यांसाठी कमी. म्हणजे ज्याला विचारास वेळ हवा, त्यालाच तो मिळत नव्हता. हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा उत्तरे अधिक विस्तृत येऊ लागली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. यासाठी साधने लागली नाहीत, की पैसा लागला नाही. थोडा धीर मात्र लागला.

येथे दोन गैरसमज संभवतात. मोठी अपेक्षा म्हणजे कडक धाक, असे काहींना वाटते. पण जेथे चुकीच्या उत्तराला वर्ग हसतो आणि शिक्षकही हसतो, तेथे मूल शहाणपणाने गप्प राहते. कारण न बोलणाऱ्याचे कधी चुकत नाही. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. गरीब मुलाला सोपे काम द्यावे, त्याच्या सुमार लिखाणालाही छान म्हणावे, म्हणजे त्याला उत्साह येईल, असे दयाळू शिक्षकास वाटते. परंतु शेजारच्या मुलाची वही तीनदा दुरुस्त होऊन परत येते आणि आपल्या वहीवर नुसती बरोबरची खूण येते, यातील अर्थ मुलाला कळतो. प्रेमळ वर्गात चूक करण्याची भीती नसते, आणि तरीही ती चूक तशीच सोडून दिली जात नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात फार पूर्वीचा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि लवकरच महार-मांगांच्या मुलांमुलींसाठीही शाळा सुरू केल्या. त्या काळी या मुलांना अक्षरओळख करून देणे हेच पुष्कळांना अतिरेकी वाटत होते. याच शाळांत शिकलेली मुक्ता ही मांग समाजातील मुलगी अवघी चौदा वर्षांची असताना तिने महार-मांगांच्या दुःखांविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. त्या निबंधात केवळ दुःखाचे वर्णन नाही. ज्या धर्माचे ग्रंथ पाहण्याचाही आपणांस अधिकार नाही, त्या धर्माशी आपला संबंध तो कोणता, असा तर्कशुद्ध सवाल तिने केला आहे. फळ्यावरची अक्षरे गिरवून घेण्यापुरतीच अपेक्षा बाळगणाऱ्या शाळेतून असा निबंध बाहेर पडत नाही. विचार करणे आणि तो मांडणे, हेही या मुलीचे काम आहे असे तिच्या शिक्षकांनी गृहीत धरले होते.

ही मुलगी निदान शाळेत येऊ शकत होती. जी मुले शाळेपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांच्याविषयी काय? ‘या मुलांना शिक्षणाची गोडीच नाही,’ हे उत्तर तयार असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते उत्तर मानले नाही. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि घरांच्या अंगणात वर्ग भरू लागला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीला घरी राहावे लागते हे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच शिकवण्याची साधने झाली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला.

कोसबाडच्या कामाचे मर्म साधनांच्या स्वस्ताईत नाही. मूल शिकेल ही खात्री आधी धरली, म्हणून ते येत नाही याचे कारण मुलात न शोधता शाळेच्या व्यवस्थेत शोधले गेले. शाळेची वेळ, जागा, साहित्य, सारे बदलले. मुलाने शिकावे ही अपेक्षा मात्र बदलली नाही. पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते. शाळा आहे तशीच राहते आणि मुलाविषयीची अपेक्षा खाली आणली जाते.

म्हणून शिक्षकाने वर्षाच्या मध्यावर स्वतःची एक साधी परीक्षा घ्यावी. गेल्या आठवड्यात कोणत्या मुलांना आपण एकही प्रश्न विचारला नाही, त्यांची नावे कागदावर लिहून काढावीत. कोणाच्या उत्तरासाठी आपण थांबलो नाही, कोणाची वही वरवर पाहून बाजूला ठेवली, तेही लिहावे. ती यादी कोणत्या घरांतील, कोणत्या वस्त्यांतील मुलांची आहे, हे मग सावकाश पाहावे. मुलाकडून अपेक्षा धरणाऱ्याला त्याच्या अपयशाचा वाटाही उचलावा लागतो. अपेक्षाच धरली नाही, तर तो वाटा आपोआप टळतो; आणि न धरलेल्या अपेक्षेची किंमत मात्र त्या मुलाला पुढे जन्मभर मोजावी लागते.